दोन अभयारण्यांच्या मधलं जंगल: 'संवर्धन राखीव' म्हणजे काय आणि ते सह्याद्रीला का हवं?

मे २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या एका कॅमेऱ्यात एक नर वाघ टिपला गेला. दोन वर्षांनी, मे २०२० मध्ये, तोच वाघ कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात दिसला. मधलं अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त, आणि वाघ काही सरळ रेषेत चालत नाही. तोच वाघ कशावरून? दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. म्हणूनच कॅमेरे जोडीने लावतात. जनावरांच्या नेहमीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, झाडाला पट्ट्याने बांधून. समोरून ऊब असलेलं काही हललं की दोन्ही कॅमेरे एकदम फोटो काढतात आणि दोन्ही कुशी हाती लागतात. हे फोटो मग आधीच्या फोटोंशी ताडून बघतात. एका प्रकल्पातला वाघ दुसऱ्या राज्यातल्या प्रकल्पात कसा ओळखला गेला, ते असं.

मला त्या दोन फोटोंपेक्षा त्यांच्या मधलं जास्त विचार करायला लावतं. सह्याद्री प्रकल्पातल्या चांदोलीपासून काळीपर्यंतच्या या पट्ट्यात आंबा घाट येतो, गगनबावडा येतो, दाजीपूर, आजरा, चंदगड, आंबोली, तिलारी, आणि पुढे गोव्याची सत्तरी किंवा बेळगावचा खानापूर तालुका. महाराष्ट्राच्या हद्दीत यातला राधानगरी अभयारण्याचा तुकडा सोडला, तर तो वाघ चालत गेला तेव्हा या सगळ्या पट्ट्याला वन्यजीव कायद्याखाली काहीच नाव नव्हतं. वाघ तिथून जाऊ शकला, कारण जंगल होतं. आणि जंगल होतं, कारण ते अजून कोणी तोडलेलं नव्हतं.

या मधल्या पट्ट्यासाठी कायद्यात 'संवर्धन राखीव क्षेत्र' नावाची तरतूद आहे. अभयारण्य सगळ्यांना माहीत असतं, व्याघ्र प्रकल्प तर सफारीमुळे घराघरांत पोचला आहे. संवर्धन राखीव मात्र ज्या गावांच्या शिवारात आहे, तिथल्याही बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. ते समजायचं तर आधी बाकीची नावं सुटी करून घ्यावी लागतील.

पाटीवर 'राखीव वन' लिहिलंय म्हणजे अभयारण्य का?

नाही. घाटात रस्त्याकडेला 'राखीव वन' अशी पाटी दिसते, ती १९२७ च्या भारतीय वन कायद्याखालची. इंग्रजांना लाकूड हवं होतं. कोणतं जंगल सरकारचं, तिथे कोणी काय तोडायचं, कोणी गुरं चारायची, हे ठरवायला तो कायदा केला. 'राखीव वन' आणि 'संरक्षित वन' हे दोन्ही शब्द तिथले. त्यांचा संबंध जमिनीच्या मालकीशी आणि वनोपजाशी, तिथे कोणता प्राणी राहतो याच्याशी नाही.

प्राण्यांचा विचार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केला. त्यातून दोन ठळक प्रकार आले, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. दोन्हींत फरक आहे तो मुख्यतः माणसांच्या हक्कांचा. राष्ट्रीय उद्यान झालं की आतले सगळे हक्क निकाली काढावे लागतात, गुरं चारायला अजिबात परवानगी नसते. अभयारण्यात चौकशीनंतर काही हक्क, उदाहरणार्थ वहिवाट किंवा चराई, चालू ठेवता येतात. ही चौकशी जिल्हाधिकाऱ्याने करायची असते. आधी इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघते, मग हक्क नोंदवून घेतले जातात, मग अंतिम अधिसूचना. कागदावर हे सरळ वाटतं. प्रत्यक्षात इरादा आणि अंतिम अधिसूचना यांच्या मधे वर्षानुवर्षं जातात, आणि त्या काळात गावकऱ्याला आपल्या जमिनीचं काय होणार ते कळत नाही. जंगल खात्याविषयी गावांत जो राग दिसतो, त्याचा बराच भाग या लटकलेल्या वर्षांतून आलेला आहे.

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. ताडोबा त्यातलं पहिलं, १९५५ चं. चांदोली पश्चिम घाटातलं, आधी १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं. राज्यातलं पहिलं अभयारण्य म्हणजे दाजीपूर, १९५८ चं, गव्यांसाठी केलेलं. शाहू महाराजांच्या काळात ते कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. पुढे १९८५ मध्ये त्याची हद्द वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. कोल्हापूरकर वर्षानुवर्षं ज्या भोगावतीचं पाणी पीत आले, तिचा उगम याच जंगलाच्या बाजूला आहे.

हद्द चुकीची आखली तर काय होतं, हे बघायला सोलापूरकडे जावं लागतं. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात उभी पिकं, गावठाणं, बाजारपेठा, रस्ते, सगळं आलं. माळढोकाला हवं असतं उघडं माळरान, बुटकं गवत आणि अंडं घालायला जमिनीवरची निवांत जागा. तशी माळरानं त्या प्रचंड क्षेत्रात तुकड्यातुकड्यांनी होती. बाकी लाखो माणसं विनाकारण अभयारण्यात अडकली. जमिनीचे व्यवहार आणि बांधकामं परवानग्यांत रखडली, आणि लोकांना माळढोक हा शत्रू वाटायला लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी जवळजवळ संपला होता. आता सोलापूरजवळच्या नान्नजला एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. लोकांना सोबत न घेता नकाशावर मोठी रेघ मारली, तर नुकसान माणसांचंही होतं आणि ज्याच्यासाठी रेघ मारली त्याचंही, असं मला या उदाहरणावरून ठामपणे वाटतं.

व्याघ्र प्रकल्प हा वेगळा थर

व्याघ्र प्रकल्प म्हणजे वेगळी जमीन नसते. आधीच्या अभयारण्यावर आणि उद्यानावर चढवलेला तो आणखी एक थर असतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०१० मध्ये जाहीर झाला तो कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान जोडून. एकूण क्षेत्र १,१६५ चौरस किलोमीटर. त्यातलं ६०० गाभा क्षेत्र आणि ५६५ बफर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत ते पसरलेलं आहे. गाभ्यात माणसाचा वावर नको, बफरमध्ये माणूस आणि जनावर दोघांनी एकमेकांना सांभाळून राहायचं, अशी ही मांडणी.

२००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन व्याघ्र प्रकल्पांना कायदेशीर आधार मिळाला. गाभ्यातलं गाव हलवायचं असेल तर आधी लोकांचे वनहक्क मान्य करायचे, पुनर्वसन त्यांच्या संमतीनेच करायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ही अट उगाच आली नाही. कोयना आणि वारणेच्या खोऱ्यातली कितीतरी माणसं आधी धरणासाठी उठली आणि मग जंगलासाठी उठली. वासोट्याला जाताना बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडतात, त्या पाण्याखाली गावं आहेत. जंगल वाचवण्याविषयी बोलताना हे विसरायचं नाही.

मग 'संवर्धन राखीव' काय आहे?

१९७२ च्या कायद्यात २००२ साली एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. तोवर सरकारपुढे दोनच पर्याय होते. एक तर सगळे हक्क तपासून, काही बंद करून अभयारण्य किंवा उद्यान करायचं, नाही तर काहीच करायचं नाही. मधलं काही नव्हतं. दुरुस्तीने कलम ३६-अ आणि ३६-क आणून दोन नवे प्रकार दिले.

पहिला प्रकार संवर्धन राखीव. सरकारी मालकीची जमीन, त्यातही मुख्यतः अभयारण्याला किंवा राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली, किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी, राज्य सरकार संवर्धन राखीव म्हणून जाहीर करू शकतं. अट एक. जाहीर करण्याआधी तिथल्या लोकांशी चर्चा करायची. त्या क्षेत्रातल्या माणसांचे हक्क यात काढून घेतले जात नाहीत. गाव उठवायचा प्रश्न येत नाही. ज्या गावांच्या शिवारात हे क्षेत्र येतं, त्यांची चराईची वाट, शिकेकाई किंवा मध गोळा करायची वहिवाट आपोआप बंद होत नाही. बंद होतं ते जंगल पेटवणं, विषारी किंवा स्फोटक पदार्थ वापरणं आणि जनावरांना त्रास देणं. शिकार तर देशात सगळीकडेच बंद आहे.

दुसरा प्रकार समुदाय राखीव. तो खासगी किंवा गावाच्या सामायिक जमिनीसाठी आहे. मालक किंवा गाव स्वतःहून म्हणालं की आमचं हे जंगल राखायचं आहे, तरच तो होतो. सरकारला तो लादता येत नाही. देवराया राखणाऱ्या आपल्या राज्यात हा प्रकार खूप रुजायला हवा होता. तसा तो रुजलेला नाही, याची मला खंत वाटते.

संवर्धन राखीवचा कारभार बघायला एक समिती असते, आणि ती कायद्यातच सांगितलेली आहे. वन खात्याचा अधिकारी तिचा सदस्य सचिव. ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत क्षेत्र येतं तिचा प्रत्येकी एक प्रतिनिधी. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन जण. कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचा एकेक. ही समिती सल्ला देणारी आहे, अंतिम शब्द मुख्य वन्यजीव रक्षकाचाच. तरीही अभयारण्याच्या तुलनेत इथे ग्रामपंचायत टेबलावर बसलेली असते, आणि हा फरक छोटा नाही.

महाराष्ट्रात याची सुरुवात नाशिकजवळच्या बोरगडपासून झाली, २००८ मध्ये. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा डोंगर. पुढे येवल्याकडे काळविटांसाठी ममदापूर, त्र्यंबकेश्वराजवळ अंजनेरी. अंजनेरीच्या माथ्यावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची एक कंदवर्गीय वनस्पती आहे, जिचं नावच या डोंगरावरून पडलं. वाघाचा काही संबंध नसतानाही एखादा डोंगर राखावा, याला तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

सह्याद्रीचा नकाशा, उत्तरेकडून दक्षिणेकडे

खरी उडी पडली २०२० आणि २०२१ मध्ये. आधी जून २०२० मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २९.५३ चौरस किलोमीटरचं तिलारी संवर्धन राखीव जाहीर झालं. मग पाठोपाठ पश्चिम घाटात आणखी क्षेत्रं आली. नकाशा समोर ठेवून वरून खाली या, म्हणजे आखणीमागचा विचार कळतो.

सगळ्यात वर वाई-महाबळेश्वरच्या बाजूला जोर-जांभळी, सुमारे ६५ चौरस किलोमीटर. त्याच्या खाली कोयना, मग चांदोली. हे दोन मिळून व्याघ्र प्रकल्प. चांदोलीच्या दक्षिणेला शाहूवाडी तालुक्यात विशाळगड, ९३ चौरस किलोमीटर. शेजारी पन्हाळगड, सुमारे ७३. त्यापुढे गगनबावडा, १०५. मग राधानगरी अभयारण्य. राधानगरीच्या खाली आजरा-भुदरगड, जवळजवळ २४७ चौरस किलोमीटर, या संवर्धन राखीवांत सगळ्यात मोठं. त्याला जोडून चंदगड, २२५. घाटाच्या कडेला आंबोली-दोडामार्ग, सुमारे ५७. आणि खाली उतरून तिलारी. तिलारीच्या पलीकडे एका अंगाला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातलं भीमगड, आणि त्यांच्याही पुढे काळी.

एकाला एक लागून मांडलेली ही क्षेत्रं पाहिली की तो २०१८ चा वाघ कुठून गेला असेल याचा अंदाज येतो. सह्याद्रीचा जंगलपट्टा इथे अतिशय अरुंद आहे. पूर्वेला उतरलं की ऊस, पश्चिमेला कडा आणि खाली कोकणातल्या काजूच्या बागा. मधे माथ्यावर काही ठिकाणी जंगल फक्त काही किलोमीटर रुंद उरतं. अशा जागी चारशे-पाचशे चौरस किलोमीटरचं अभयारण्य करायचं म्हटलं तर निम्मी गावं त्यात येतील आणि पुन्हा माळढोक अभयारण्याची गत होईल. सरकारी जंगलाचे जे तुकडे आहेत तेवढेच धरून, गावांना हात न लावता ती माळ गुंफायची, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

नर फिरतो, मादी थांबते

भ्रमणमार्ग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाघाचा हमरस्ता येतो. तो इकडून निघणार, तिकडे पोचणार. तसं चित्र अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजल्याशिवाय सह्याद्रीची अडचण कळत नाही.

वाघाचं पिल्लू दोन वर्षांच्या आसपास आईपासून वेगळं होतं आणि स्वतःची हद्द शोधायला निघतं. नर लांब जातात, शेकडो किलोमीटर. माद्या सहसा आईच्या हद्दीच्या जवळपासच स्थिरावतात. त्यामुळे दक्षिणेकडे, काळी आणि म्हादईच्या बाजूला वाघ वाढत असले, तर तिथले तरुण नर तिलारी-चंदगड-राधानगरी असं करत चांदोलीपर्यंत पोचतात. मादी एका दमात तेवढं अंतर तोडत नाही. तिला मधे मधे थांबायला जागा हवी. दाट झाडी, उन्हाळ्यातही न आटणारा पाणवठा, पोटापुरती सांबरं, भेकरं आणि रानडुकरं. तिथे ती पिल्लं वाढवेल, त्यातली एखादी मादी आणखी थोडं पुढे सरकेल. असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. म्हणजे मधला पट्टा नुसता जाण्यायेण्यापुरता असून भागत नाही, तो राहण्याजोगा असावा लागतो.

सह्याद्री प्रकल्पात अनेक वर्षं हेच झालं. नर येत होते, फोटोत दिसत होते, पण जोडीदार नाही म्हणून टिकत नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत टिपलेला नर वाघ त्याआधी राधानगरीत दिसलेला होता. म्हणजे वाट चालू होती, पण वाटेवरून मादी येत नव्हती. शेवटी ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ सह्याद्रीत आणायला केंद्राने परवानगी दिली, त्यात माद्या जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली पहिली वाघीण चांदोलीत आणली गेली.

मला या बातमीचा आनंद झाला, आणि काळजीही वाटली. वाघीण गाडीतून आणता येते. तिची पिल्लं मोठी झाल्यावर कुठे जातील? सहाशे चौरस किलोमीटरच्या गाभ्यात, तेही अर्धं डोंगराचं आणि पाण्याचं, फार वाघ मावणार नाहीत. ती दक्षिणेकडेच निघणार, म्हणजे विशाळगड, गगनबावडा, आजरा, चंदगड. आणि दक्षिणेकडचे वाघ वर आले नाहीत, तर थोड्याशा वाघांत आपसांतच प्रजनन होऊन काही पिढ्यांत ते अशक्त होतात. बाहेरचं रक्त येत राहायला वाट उघडी लागते.

आणि वाघ हे फक्त सगळ्यांच्या नजरेत भरणारं जनावर. त्याच वाटेने रानकुत्र्यांचे कळप फिरतात, गवे चरत पुढे सरकतात, महाधनेश फळं खाऊन बिया मैलभर लांब टाकतो. शेकरूला तर जमिनीवर उतरायचंच नसतं, त्याला फांदीला फांदी लागलेली हवी. झाडांच्या ओळीत रस्त्याएवढी फट पडली की त्याचं जग तिथे संपतं.

फटी कुठे पडतात

सर्वात उघड फट म्हणजे घाटरस्ते. कुंभार्ली, आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, चोर्ला. प्रत्येक रस्ता या पट्ट्याला आडवा छेद देतो. दोन पदरी नागमोडी रस्ता रात्री शांत असेल तर जनावर तो ओलांडतं. चौपदरी झाला, मधे दुभाजक आला, डोंगर तासून भिंत बांधली, की गव्याचं वासरू अलीकडेच राहतं. उपाय माहीत आहेत. खालून मोऱ्या ठेवायच्या त्या जनावर जाईल एवढ्या रुंद आणि उंच ठेवायच्या, किंवा काही टप्पा उन्नत करायचा. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात असे भुयारी मार्ग बांधले आणि वाघांसकट अनेक प्राणी ते वापरतात, हे कॅमेऱ्यांनी दाखवलं आहे. घाटात मात्र चढामुळे हे करणं अवघड आणि महाग पडतं, म्हणून आखणी करतानाच त्यासाठी भांडावं लागतं.

दुसरी फट वरून दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचे सडे, म्हणजे माथ्यावरची जांभ्याची सपाटी, त्यांच्या पोटात बॉक्साइट आहे. पावसाळ्यात या सड्यांवर कीटकभक्षी दवबिंदू आणि सीतेची आसवं फुलतात, उन्हाळ्यात ते ओसाड वाटतात, आणि ओसाड वाटतात म्हणून खाणीला द्यायला सोपे जातात. सड्यात मुरलेलं पाणीच खालच्या झऱ्यांना जानेवारीनंतर पुरतं. सडा खणला की झरा आटतो, आणि झऱ्यावर जगणारं गाव आणि जनावर दोन्ही पाण्याला महाग होतात.

तिसरी फट सगळ्यात कठीण, कारण ती कायद्यातच आहे. संवर्धन राखीव फक्त सरकारी जमिनीवर होतं. सावंतवाडी-दोडामार्गात मात्र खूप जंगल मालकीचं आहे, सातबाऱ्यावर लोकांची नावं आहेत. गेल्या दोन-तीन दशकांत तिथे डोंगरचे डोंगर साफ करून रबर आणि अननसाची लागवड झाली. रबराची बाग लांबून हिरवीच दिसते. खाली मात्र ना झुडूप, ना गवत, ना भेकराला खायला काही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली होती, आणि मार्च २०२४ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग भ्रमणमार्गातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला.

आदेश योग्यच आहे. पण ज्याची दोन एकर मालकी झाडी आहे, त्याला झाड तोडू नको म्हणताना न तोडण्याचं काही मोल त्याला मिळणार का, याचं उत्तरही द्यायला हवं. समुदाय राखीवची तरतूद इथे कामाला येऊ शकते. दोडामार्गातल्याच हेवाळे-बांबर्डे इथे देवाच्या नावाने राखलेली एक राई आहे. जायफळाच्या कुळातली झाडं पाण्यात गुडघे वर काढून उभी राहतात, तशी दलदल तिथे आहे. असलं जंगल महाराष्ट्रात अत्यंत दुर्मीळ. २०२१ मध्ये त्या अडीच हेक्टरला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सरकारी खातं तिथे पोचायच्या किती आधीपासून गावाने ती राखली होती!

कायद्यात आणखी एक हत्यार आहे, फारसं न वापरलेलं. व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जमीन पर्यावरणाला न पेलणाऱ्या कामासाठी वळवायची असेल, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला लागतो. म्हणजे जोडणारा पट्टा संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेला नसला तरी त्याला थोडं कवच आहे. मात्र हा पट्टा जोडणारा आहे, हे कागदोपत्री दाखवता आलं पाहिजे. कॅमेऱ्यातले फोटो, नोंदवलेले पाऊलठसे, विष्ठेचे नमुने तिथे उपयोगी पडतात.

जमिनीवर काय बदलतं

अधिसूचना निघाली म्हणून दुसऱ्या दिवशी जंगलात काही वेगळं दिसत नाही. तोच वनरक्षक, तीच बीट, म्हणजे त्याच्याकडे राखायला दिलेला जंगलाचा भाग. काही बीटांत एका माणसाकडे हजारभर हेक्टर जंगल असतं. ही क्षेत्रं सहसा प्रादेशिक वनविभागाकडेच राहतात, आणि त्या विभागाकडे वन्यजीवांखेरीज अतिक्रमण, वाहतूक परवाने, रोपवाटिका अशी शंभर कामं असतात.

बदल दिसायचा तर तो आधी वणव्यात दिसायला हवा. सह्याद्रीत वणवा आपोआप लागत नाही, तो लावला जातो. जुनं गवत जाळलं की नवं चांगलं फुटतं, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात दरवर्षी जाळलं की वरची माती पहिल्या पावसात वाहून जाते, रोपं मरतात, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम राख होतो. यावर उपाय म्हणजे जाळरेषा. थंडीच्या अखेरीस, गवत पिवळं पडलं पण वारा अजून पडलेला आहे अशा दिवसांत, डोंगराच्या कडेने काही मीटर रुंद पट्टा कापतात. कापलेलं गवत मधे ओढतात आणि पहाटेच्या दवात जाळून टाकतात. दोन्ही कडांना माणसं ओल्या फांद्या घेऊन उभी, ठिणगी उडाली की झोडपून विझवायची. हे काम वन खात्याच्या दोन-चार माणसांनी होत नाही. गावातली वीस पोरं लागतात, आणि त्यांची मजुरी वेळेवर लागते. संवर्धन राखीवच्या व्यवस्थापन आराखड्यात जाळरेषेला पैसे असतील आणि काम गावालाच मिळत असेल, तर वणव्याची खबर रात्री अकरा वाजताही येते. नसेल तर सकाळी नुसता धूर दिसतो.

दुसरी कसोटी नुकसानभरपाई. गवा उसात शिरतो, हत्ती २००२ पासून दोडामार्ग-चंदगडात माड आणि केळी मोडतात, बिबट्या शेळी नेतो. पंचनामा लवकर झाला, पैसे त्याच हंगामात आले, तर माणूस चडफडतो पण सोसतो. वर्षभर खेटे घालायला लागले तर काय होऊ शकतं, याची आठवण गोव्याच्या सत्तरीतली आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावली इथे एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे विषबाधेने मेलेले सापडले. आधी तिथे गुरं मारली गेली होती. पिल्लांसह राहणारी मादी, म्हणजे या सगळ्या पट्ट्याला नेमकी जी हवी होती ती. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि आसपासचं क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा असा आदेश दिला, आणि गोवा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाघाला तिलारी कुठे संपली आणि सत्तरी कुठे लागली हे ठाऊक नसतं, पण त्याचं नशीब त्या हद्दीवर ठरतं.

तुमचं गाव या पट्ट्यात असेल, शाहूवाडीत, गगनबावड्यात, भुदरगडमध्ये, आजऱ्यात, चंदगडात, दोडामार्गात, तर काही गोष्टी ग्रामसभेत विचारता येतात. आपल्या शिवारातले कोणते कक्ष क्रमांक, म्हणजे वन खात्याने आखलेले जंगलाचे कोणते भाग, संवर्धन राखीवमध्ये आहेत? त्याचा नकाशा ग्रामपंचायतीत लावला आहे का? व्यवस्थापन समिती नेमली आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि आपल्या गावाचा प्रतिनिधी कोण? तो प्रतिनिधी नेमायचा हक्क ग्रामपंचायतीचा आहे. आराखड्यात या वर्षी जाळरेषा, पाणवठे आणि भरपाईसाठी काय धरलं आहे, हेही विचारावं. माहिती मिळाली नाही तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो आणि त्याची पोच घेता येते.